संगणकातला खोडवा

कॉम्प्युटरवर शेतीचा खेळ नव्यानं खेळायला बसणाऱ्याला माझा पहिला सल्ला असा, की घरात खरा शेतकरी असेल तर त्याला आधी खोलीबाहेर काढावं आणि आतून कडी लावावी. तो दार वाजवेल, खिडकीतून "काय पेरलंस गं?" म्हणून विचारेल, तरी उघडू नये. मी उघडलं होतं, म्हणून सांगते.

परवा भाचीनं मोबाइलवरच्या असल्याच एका खेळात सुरुवातीला काय लावू म्हणून सहज विचारलं आणि मी तिला तासभर सोडलं नाही. ती बिचारी शेवटी मोबाइल तिथंच ठेवून पळाली. तिला सांगायचं राहिलं ते इथं लिहिते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही आष्ट्याच्या बाहेर मळ्यात राहायचो. मी बारावी होऊन घरात बसले होते आणि दुपारी गावातल्या कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. क्लास म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली, चार मशिनी आणि एक सर. सर फौजेतून निवृत्त झालेले. चपला बाहेर, आवाज बंद, पाठ ताठ. माउस हातात घ्यायच्या आधी ते आम्हाला हात धुऊन यायला लावायचे. चारपैकी एकाच मशिनीचा पडदा रंगीत होता आणि त्यावर कुठूनशी आलेली शेतीची एक गेम होती. इंग्रजी गेम, परदेशातलं गाव. चौकोनी चौकोनी वाफे, एक विहीर, एक ट्रॅक्टर, एक कोठार आणि कुंपणापलीकडं शेजारी. तीन वर्षांत दोनदा कोठार रिकामं राहिलं की एक ट्रक यायचा, घरातलं सामान भरून न्यायचा आणि खेळ संपायचा.

मला सांगलीला वर्षभराचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा होता. रोज एसटीनं जाऊन येऊन करता आला असता. फॉर्म आणून मी भरूनही ठेवला होता. फक्त खाली 'पालकाची सही' असा एक चौकोन होता तेवढा रिकामा. अर्ज द्यायला सोमवार शेवटचा. वडिलांना, म्हणजे दादांना, फॉर्म दाखवला की ते म्हणायचे "बगू." आमच्या घरात "बगू" म्हणजे नाही. "न्हाई" म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "त्या डब्याला आपल्या कामातलं काय कळतंय, ते तरी सांग मला."

मी तोऱ्यात म्हणाले, "दादा, त्यात शेतीपण आहे."

इथं माझी चूक झाली. दादांनी पानाचा चुना तळहातावरच ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तीस वर्षं त्यांनी ऊस, हळद आणि भुईमूग काढला होता. शेतीचं कुणी नाव काढलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं.

"शेती हाय? मग मी करून बगतो. तीन सालं करतो. पिकली तर त्या डब्यात काय तरी हाय म्हणायचं, सही देतो. न्हाई पिकली तर ते समदं थोतांड. मग परत सांगलीचं नाव काडायचं न्हाई. हाय कबूल?"

मी कबूल केलं. तीस वर्षं शेती केलेला माणूस चार चौकोनांत हरेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादा धुतलेलं धोतर नेसून क्लासला आले. खाली हातपंपावर पाय धुतले, मग जिना चढले. सर एकदम खूश. "काका, धिस इज डिसिप्लिन!" असं म्हणून त्यांनी दादांना स्वतःची खुर्ची दिली. दादांनी माउसला हात लावला नाही. ते सांगणार आणि मी दाबणार, असं ठरलं. बाकीच्या पोरी आपापली कामं सोडून मागं उभ्या राहिल्या.

खेळ जानेवारीत सुरू होतो. दादांनी विचारलं, "म्हयना कुठला?" मी सांगितलं. ते हाताची घडी घालून मागं टेकले. "मग आता काय करायचं न्हाई. मिरगाला पेरायचं."

नव्यानं खेळणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, की गेमवाल्यांना मृग माहीत नसतो. त्या गावात फेब्रुवारीत आभाळ भरून आलं आणि पडद्यावर निळ्या रेघांचा पाऊस कोसळायला लागला. मी म्हणाले, "दादा, पाऊस! पेरूया?"

"अवकाळी हाय," दादा म्हणाले. "फसू नगंस."

मार्चमध्ये पडला, एप्रिलमध्येही पडला. शेजाऱ्यांची रानं हिरवीगार झाली. दादांनी त्यांच्याकडं दयेनं बघितलं. "दुबार पेरनी करायला लागनार बग ह्यास्नी." जून लागला, दादा पुढं सरकले, मिशी पुसली आणि म्हणाले, "हां, आता हान." मी सगळे वाफे पेरले. त्यानंतर त्या गावात नोव्हेंबरपर्यंत थेंब पडला नाही. शेजारी कोठारं भरून बसले आणि आमच्या वाफ्यांवर एकेक करत तपकिरी फुली आली.

सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "काका, ये फॉरेन का गेम है. उधर क्लायमेट डिफरंट रहता है."

"सूर्य तर त्योच हाय न्हवं?" दादांनी विचारलं. फौजेत चीनच्या सीमेपर्यंत जाऊन आलेले सर खिडकीशी जाऊन सूर्य बघून आले.

कुंपणापलीकडं टोपी घातलेला एक शेजारी होता. त्याच्या चित्रावर दाबलं की तो सांगायचा, या महिन्यात इकडं काय लावतात. मी दादांना म्हणाले, "त्याला एकदा विचारूया का?" दादांनी त्याच्या रानाकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "त्येच्या बांधाला तण हाय. त्येला काय इचारायचं?"

एका दुपारीत एक साल गेलं. मी रात्री फॉर्मकडं बघितलंही नाही.

दुसऱ्या सालाला दादांनी पिकांची यादी वाचून दाखवायला सांगितली. गहू, मका, बटाटा, टोमॅटो करत मी उसापर्यंत आले आणि दादा ताडकन उठून बसले. "ऊस हाय? आगं, मग आदी सांगायचं न्हाई? लाव!" मी म्हणाले, "सगळ्या वाफ्यांत?" ते म्हणाले, "मग काय बांधावर लावतीस?"

या खेपेला मी विहिरीचं पाणी आधीच जोडून ठेवलं होतं. दादा खूश झाले, पण कामाला लागले की अडचणी काढायचेच. पडद्याच्या कोपऱ्यात वार दिसायचा. सोमवार आला की नांगरट बंद. आमच्याकडं सोमवारी औत जुंपत नाहीत. मी म्हणाले, "दादा, ट्रॅक्टर आहे तो. ट्रॅक्टरला कसला सोमवार?"

"ट्रॅक्टरला नसंल. रानाला हाय."

सोमवार सोडून सोडून का होईना, ऊस आला. काय आला म्हणता! पडद्यावर हिरव्या भिंतीच उभ्या राहिल्या. तोडला, कोठार शिगोशीग भरलं, एक भोंगा वाजला. पोरींनी टाळ्या वाजवल्या, सरांनी कडक सलाम ठोकला. दादा लाजले. त्यांना लाजताना मी त्याआधी फक्त एकदाच बघितलं होतं, ते मावशीच्या लग्नात त्यांना फेटा बांधला तेव्हा. मी झटकन पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

दादांनी तो घडी करून माझ्या हातात परत दिला. "तीन सालाची बोली हाय. एक साल ऱ्हायलंय. कशाला गडबड?"

आता जी गोष्ट सांगते ती शेतीच्या खेळाचं जगातलं कुठलंही पुस्तक सांगणार नाही. आमच्या भागात ऊस तोडला की बुडखे जमिनीतच राहतात. त्यांना खतपाणी दिलं की तेच पुन्हा फुटतात आणि पुढच्या साली फुकटातला ऊस उभा राहतो. त्याला खोडवा म्हणतात. शेंबडं पोरही खोडव्याच्या रानात नांगर घालणार नाही. गेम बनवणाऱ्यांनी ऊस ठेवला होता, पण खोडवा त्यांच्या गावीही नव्हता. तोडला की त्यांचा वाफा रिकामा.

तिसऱ्या सालाला मी विचारलं, "दादा, काय लावायचं?"

"लावायचं कशाला? खोडवा हाय की."

"दादा, रिकामं दिसतंय सगळं."

"वरनं रिकामंच दिसतंय. पानी सोड."

मी पाणी सोडलं. तपकिरी चौकोनांना पाणी. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. पाऊस आला आणि गेला. आम्ही सगळे त्या मातीकडं बघत बसलो होतो. सरांनी दोनदा पंखा बंद करून चालू केला. एका पोरीनं जांभई दिली तर दादांनी तिच्याकडं असं बघितलं की तिची अर्धी जांभई तोंडातच राहिली.

तिसरं साल रिकामं गेलं तर ट्रक येणार होता, आणि त्या ट्रकमधून माझी सांगली जाणार होती. एवढ्यात सरांनी दादांना खाली चहाला नेलं. जिन्यावरचा त्यांचा आवाज लांब गेला तशी मी कोपऱ्यातल्या एका वाफ्यात गुपचूप उसाची नवी लागण केली. म्हटलं, एक लावून बघू, जमलं तर ते यायच्या आत सगळं रान लावून टाकू. पण चहावाल्याकडं चहा तयारच होता. मी दुसऱ्या वाफ्यावर बाण नेतेय तोवर दादा दारात.

कोपऱ्यातल्या वाफ्यात दोन हिरवे कोंब वर आले होते.

"फुटला!" दादा एवढ्यांदा ओरडले की खालच्या खताच्या दुकानातनं कुणी तरी "काय फुटलं?" म्हणून विचारलं. "बगा सर! म्या काय म्हनलो? फुटला का न्हाई?"

मी जीव मुठीत धरून म्हणाले, "दादा, बाकीच्यात मका लावूया का? नुसती कडेनं?"

"खुळी का काय तू? येक फुटला म्हंजी बाकीचं दमानं फुटत्याल. खोडव्याला घाई करायची नसती."

आता काय सांगणार? मी फसवलं असं कबूल करावं, तर दादा तिथंच उठून गेले असते. गप्प बसावं, तर साल चाललं होतं. मी गप्प बसले. लबाडी करायचीच असेल तर अर्धी करू नये, हा नवशिक्यांना माझा दुसरा सल्ला. तो एक वाफा डौलात वाढला आणि बाकीचे तेवीस वाफे डिसेंबरपर्यंत दादांच्या शब्दाखातर तपकिरी राहिले. एका वाफ्यानं कोठाराचा तळही झाकला नाही. भोंगा वाजला नाही. घरातला दिवा गेला, ट्रक आला, खुर्च्या आणि पलंग भरून घेऊन गेला. पडद्यावर नुसतं कुंपण राहिलं.

दादा धोतर झटकत उठले. मग म्हणाले, "चल, जनावरं सोडायची हाईत." सहीचं त्यांनी काढलं नाही आणि मीही नाही. रस्ताभर ते सायकल हातात धरून चालले, मी मागनं. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझा.

घरी गेल्यावर आईनं त्यांचं तोंड बघून विचारलं, "काय झालं वं?"

"रान गेलं," दादा म्हणाले.

आईच्या हातातलं भाकरीचं पीठ परातीत पडलं. "कुठलं? विहिरीकडचं?"

मग मलाच सगळं सांगावं लागलं. मृग, सोमवार, खोडवा, ट्रक. आई आधी छातीवर हात ठेवून खाली बसली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. दादा उठून गोठ्यात गेले तरी तिचं हसू थांबेना. डोळे पुसत ती म्हणाली, "उद्या बाजाराला जायचंच हाय. मलाबी दाव ते रान."

आई मेढ्याची. तिकडं डोंगर, धो धो पाऊस आणि भातखाचरं. लग्न होऊन ती आमच्याकडच्या काळ्या रानात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. रानात दादांच्या बरोबरीनं राबायची, पण काय लावायचं हे ती कधी बोललेली मला आठवत नव्हतं. तिला विचारायची पद्धतच नव्हती.

शनिवारी ती बाजाराची पिशवी घेऊन जिना चढली. मागनं दादाही आले. खेळ कसा खोटा आहे ते आईला पटवून द्यायचं होतं त्यांना. आई खुर्चीच्या कडेवर टेकली, पिशवी मांडीवर. मी खेळ पहिल्यापासून मांडला.

"काय लावू?" मी विचारलं.

"थांब की," आई म्हणाली. "हितं शेजारी कोन कोन हाईत?"

मी टोपीवाला दाखवला. तिनं त्याला विचारायला लावलं. मग त्याच्या पलीकडच्या बाईला, मग ओढ्याकडच्या म्हाताऱ्याला. मी वाचून दाखवत होते आणि ती मान हलवत होती. पाऊस कधी, पाणी किती, शेजारणीनं गेल्या साली काय केलं होतं. दादा मागनं म्हणाले, "त्येच्या बांधाला तण हाय." आई वळूनही न बघता म्हणाली, "असू द्या. तन त्येचं हाय, म्हायती आपली हाय."

मग म्हणाली, "दोनच वाफं लाव. बाकी ऱ्हाऊ दे. ही माती अजून आपल्याला वळकत न्हाई."

फेब्रुवारीत दोन वाफे गव्हाचे लावले. उगवले तेव्हा चार लावले, मग आठ. एक जळाला, तिथं तिनं पुन्हा शेजारणीला विचारलं. मध्येच, पडद्यावरची नजर न काढता, ती सरांना सांगायला लागली, "मी आले तवा ह्यांच्या भुईमुगाच्या रानात खाचरागत पानी तुंबवलं हुतं. आमच्याकडं तसंच करत्यात. समदा भुईमूग कुजला. सासूबाई चार दिस बोलल्या न्हाईत. मग मी वरसभर शेजारनीच्या मागं मागं फिरले. ती खुरपंल तसं खुरपायचं, ती थांबंल तवा थांबायचं."

"हे मला म्हाईत न्हाई," दादा म्हणाले. "त्यो भुईमूग कुजला त्यो पावसानं, असं माज्या आईनं सांगितलं हुतं."

"तुमी मला कवा इचारलं?"

दादा जन्मापासून आष्ट्यातच होते. नवीन माणूस म्हणून ते कुठल्या मातीत कधी गेलेच नव्हते. मला हे तिथं खुर्चीशेजारी उभं राहून पहिल्यांदा कळलं, आणि सगळ्या नवशिक्यांना द्यायचा खरा सल्ला गेली अठरा-एकोणीस वर्षं आमच्या चुलीपुढं बसला होता, हेही.

वर्ष संपलं. कोठार उसाच्या वेळेसारखं शिगोशीग भरलं नाही, पण भरलं. भोंगा वाजला. सरांनी सलाम करायला हात उचलला आणि दादांचं तोंड बघून केसांवरनं फिरवला.

मी फॉर्म काढला.

"हे हिचं रान हाय," दादा म्हणाले. "बोली माज्या रानाची हुती."

आईनं माझ्या हातातला फॉर्म घेतला. उलटासुलटा करून बघितला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तीन आठवडे मी दादांच्या मागं लागले होते आणि हा कागद आईला एकदाही दाखवला नव्हता. चौकोन एकच होता, तो दादांचाच असं मीही धरून चालले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांगली किती लांब हाय?" तिनं विचारलं.

"तासभर," मी म्हणाले. "रोज परत येईन."

तिनं फॉर्म दादांच्या पुढं टेबलावर ठेवला आणि तो सरळ केला.

"आवं, मला मेढ्यावरनं हितं आनली तवा जातीस का म्हनून कुनी इचारलं न्हवतं. परत यायचंबी न्हवतं. ही सोताच्या तोंडानं जाते म्हनतीया आनि सांजंला परत येते म्हनतीया. तुमास्नी आनि काय पायजे?"

सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. दादांनी खिसा चाचपला, पेन सापडलं नाही. सरांनी स्वतःचं दिलं. दादांनी चौकोनात एकेक अक्षर सावकाश लावत सही केली, तिच्यावर फुंकर घातली आणि थोडा वेळ कागद तसाच दाबून धरला. मग कागद आईपुढं केला.

"तुजाबी अंगठा लाव," ते म्हणाले.

आईनं पिशवी खाली ठेवली, हात पदराला पुसले, पेन उचललं आणि दादांच्या सहीखाली, चौकोनाच्या बाहेर, झरकन सही केली. तिला सही येते हे मला माहीत नव्हतं. दादांकडं बघितलं, तर त्यांनाही नव्हतं.